पेंटियम थ्रीचं पाणी

दोह्याहून मामूंचा निरोप आला तेव्हा झारा परसदारी नारळाची झापं विणत बसली होती. तिच्या नवऱ्यासाठी, फहादसाठी, व्हिसा निघतोय, सप्टेंबरात माणूस पाठवा, असा निरोप. बातमी चांगली, म्हणून सासूनं तिच्या हातावर साखर ठेवली. झारानं ती खाल्ली. मग बोटं पुसून पुन्हा झाप हातात घेतलं.

बुरोंडीला यात नवं काही नव्हतं. या किनाऱ्यावर मुलीला लग्नात सोनं मिळतं, भांडी मिळतात, आणि वाट बघणं मिळतं. कुणाचा नवरा आखातात, कुणाचा जहाजावर, कुणाचा मुंबईला. पुरुष भिंतीवरच्या फोटोत आणि बायका उंबऱ्यात. झाराची सासू हमिदा हिची तरुणपणाची सगळी वर्षं अशीच गेली होती, कारण तिचा नवरा नासिर मालवाहू जहाजांवर होता. पुढं त्यानं स्वतःची होडी बांधली, गावात होडी हाकणारा तांडेल म्हणून नाव मिळवलं, तेव्हा कुठं तो बायकोला रोज दिसू लागला. झाराच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तिला फहादची सवय लागत होती, नुकती नुकती. नव्या घरात कुठली पायरी उंच आहे ते अंधारातही पायाला कळू लागतं, तशी.

फहादलाही जायचं नव्हतं. दोह्यात त्यानं दोन वर्षं एसी दुरुस्त केले होते. दुसऱ्यांच्या खोल्या गार करायच्या आणि आपण गच्चीवर उन्हात भाजायचं, असं तो त्या नोकरीबद्दल सांगायचा. लग्नासाठी म्हणून आला तो इथंच रमला. आता त्याच्या डोक्यात एकच होतं: घराच्या पडवीत कॉम्प्युटर मांडायचा आणि पोरांना गेम खेळायला द्यायचे, अर्ध्या तासाचे दहा रुपये. साल दोन हजार दोन. दापोलीत असं एक दुकान नुकतंच निघालं होतं आणि बुरोंडीची पोरं एसटीनं तिथं जात होती.

नासिरनं सगळं ऐकून घेतलं, आणि वारा बघून बोलावं तसं थोडक्यात बोलला. पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या असतात, खलाशी रिकामे असतात. मशीनला पैसे मी देतो, एकदाच आणि एवढेच. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जातील, तोवर पडवी चालती झाली तर राहा. नाही झाली तर मामूला हो म्हण.

म्हणजे सगळं त्या एका मशीनवर आलं. आणि मशीन कुठलं घ्यायचं यावर घरात दोन तट पडले.

नासिरनं दिलेल्या पैशात दोनच गोष्टी बसत होत्या. एक तर नव्या प्रोसेसरचं मशीन, पेंटियम फोर, बाकी सगळं साधं. नाहीतर आधीच्या पिढीतला पेंटियम थ्री, आणि वाचलेल्या पैशात एक ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणारा वेगळा कारागीर. झाराला हे ठाऊक होतं. ती मूळची अंजनवेलची, पण बारावीनंतर चिपळूणला मावशीकडं राहून तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. क्लास सुटल्यावर तिथली मुलं मशीनवर गेम खेळायची, त्यांत ती एकटी मुलगी. हरायची कमी. सासरी यातलं कुणाला फारसं माहीत नव्हतं. फहादला थोडं माहीत होतं, पण त्याच्याशीही ती कधी खेळली नव्हती, कारण खेळायला घरात होतं काय?

एका दुपारी दोघं दापोलीचं दुकान बघून आली. काचेवर मोठ्या लाल अक्षरांत ‘पेंटियम फोर’ लिहिलेलं. आत एकजण मोटरबोटींच्या शर्यतीचा गेम खेळत होता. फहाद काचेवरची अक्षरं बघत राहिला, झारा पडद्यावरचं पाणी. बोट धावत होती, पण पाणी हलत नव्हतं. निळी ताडपत्री अंथरावी आणि तिच्यावरून खेळण्यातली बोट दोरीनं ओढत न्यावी, तसं ते दिसत होतं. मध्येच चित्र अडखळायचं आणि बोट एकदम पुढं उगवायची.

परतीच्या एसटीत तिनं फहादला समजावलं. मेंदू नवा असून उपयोग काय, रंगवायला हात नाहीत. गेमसाठी जुना मेंदू पुरतो, कार्ड मात्र पाहिजेच. फहादनं नीट ऐकलं, पण त्याचंही म्हणणं खोटं नव्हतं. गिऱ्हाईक आधी नाव बघतं. दापोलीत फोर आणि बुरोंडीत थ्री म्हटल्यावर पोरं हसतील, पडवीची पायरीसुद्धा चढणार नाहीत.

हमिदाला हा वाद जेवता जेवता समजला आणि भात संपायच्या आत तिनं तो मिटवला. जन्मभर ती हर्णैच्या लिलावात मासळी घेत आली होती. आजचं ते घ्यायचं, कालचं ते मांजराला. झारा हळूच म्हणाली, अम्मी, हे काही म्हावरं नाही. हमिदा म्हणाली, गो बाय, बाजार सगळा एकच असतो, शिळ्याला पैसे मोजायचे नसतात. नासिर कोपऱ्यात फाटकं जाळं शिवत होता. होडीचं विचारा, सांगतो, एवढंच बोलून त्यानं दोरा दातानं तोडला. आई आणि मुलगा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला वर्षही न झालेली सून. झारा ताटं उचलायला उठली.

चिपळूणच्या बाजारपेठेत विनीतचं छोटं दुकान होतं. सुटे भाग आणून मशीनं जुळवून द्यायचा. झाराच्याच क्लासमधला, तिच्यापुढं एक वर्ष. आतल्या गावच्या भातशेतीवाल्या घरातला सरळ मुलगा. त्याच्या घरी हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको, एवढीच भाषा होती.

हमिदा, फहाद आणि झारा तिघं गेली. दुकानात पाऊल टाकल्यावर फहादला आठवलं की मामूंनी पासपोर्टची झेरॉक्स मागितलीय. नाही म्हणेपर्यंत कागद तरी जाऊ देत, असं नासिरचंच सांगणं होतं. तो समोरच्या गल्लीत झेरॉक्स काढायला गेला आणि दुकानात सासू-सून राहिल्या. विनीतनं दोन्ही मशीनं मांडून दाखवली. दोन्हींच्या किमती जवळजवळ सारख्या.

आता, हर्णैचा लिलाव ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगायला नको. तिथं जी टोपली पाहिजे ती पाहिजे म्हणून कुणी दाखवत नाही. तिच्याकडं पाठ करायची. तिच्यातल्या पापलेटाला नाक मुरडायचं आणि शेजारच्या टोपलीतल्या बांगड्यांचं कौतुक मांडायचं. विकणारा हे ओळखून असतो. बाई ज्याला नावं ठेवतेय तेच तिला न्यायचंय, हे त्याला कळतं, आणि दोन पैसे उतरून तीच टोपली तो तिच्यापुढं सरकवतो. एक शब्द खरा न बोलता सगळा व्यवहार खरा होतो.

हमिदानं नव्या मशीनकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याच्यात हाय काय न्यायसारखं? हलका, पोकळ."

विनीत सांगू लागला, की चाची, हा नवा आहे, डोक्यानं जलद आहे. हमिदा तोवर जुन्याकडं वळली होती. त्याच्या डब्यावरून तिनं हात फिरवला, वजन बघितलं, झाकण उघडायला लावलं, आणि आतलं ग्राफिक्स कार्ड दिसल्यावर गाभोळीनं भरलेलं पापलेट हाताला लागावं तशी खुलली. हा बघ, म्हणाली, कसा भरलेला हाय आतून.

विनीतला बरं वाटलं. गेमसाठी मीही हेच घेतलं असतं चाची, असं तो मनापासून बोलून गेला.

"तर काय. नवा ठेव तू तुझ्याकडं, लोणचं घाल त्याचं."

"मग हेच करू?"

"तू भाव सांग."

विनीतनं पाचशे उतरवले. हमिदानं आणखी दोनशे उतरवून घेतले, इसाराच्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या हिशेबी नवं मशीन सातशेनं स्वस्त पडलं होतं. विनीतच्या हिशेबी जुनं गेलं होतं.

झारा दोघांच्या मध्ये उभी होती. हर्णैची भाषा तिला येत होती, आणि विनीतलाही ती ओळखत होती. दोघांचं कसं उलटं जुळलं ते तिला लख्ख दिसलं. एकच वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं, तिथं थोडं घुटमळलं आणि परत गेलं. तेवढ्यात फहाद झेरॉक्स घेऊन आला. झालं काम, सातशे उतरवले, असं हमिदानं सांगितलं. फहादनं आईला शाबासकी दिली आणि सगळी स्टँडवर भजी खायला गेली. झाराची भजी गार होऊन गेली.

मशीन थोड्या दिवसांनी आलं, दापोलीपर्यंत टेम्पोनं, तिथून रिक्षानं, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. फहादनं तोवर पडवीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं ‘पेंटियम फोर गेम सेंटर’ असं लिहून ठेवलं होतं. अक्षरं शेवटी शेवटी उताराला लागली होती, पण रंग झकास. पहिलं बटण हमिदानं बिस्मिल्ला म्हणून दाबलं. आतला पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या, आणि फहाद त्या वाचून जागच्या जागी उभा राहिला. पडद्यावर पेंटियम थ्री लिहिलं होतं.

मग जे झालं ते शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. हमिदानं विनीतला ठग म्हटलं, चोर म्हटलं, मेल्याच्या भातात खडे निघोत म्हटलं. फहाद भिंतीवरच्या आपल्या ओल्या अक्षरांकडं बघत बसला. नासिरनं विचारलं, पडवीतल्या बाकावर माणसं किती बसतात? चार. मग ‘फोर’ खोटं कुठं, राहू दे तसंच. कुणी हसलं नाही. झारानं हसू लपवायला खाली वाकून प्लास्टिकचा कागद गोळा केला.

हमिदानं चिपळूणला फोन लावला. विनीत पार गोंधळला. चाची, तुम्हीच तर नवा नको म्हणालात, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. हमिदा म्हणाली, नको म्हटलं म्हणजेच पाहिजे होतं, एवढं कळत नाय तर दुकान कशाला मांडलंस? विनीतनं वाद सोडला. मी स्वतः नवं मशीन घेऊन येतो आणि बदलून देतो, असं त्यानं कबूल केलं. पण लगेच वाशिष्ठी नदी चढली आणि चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. विनीतचा फोन आला: मशीनं माळ्यावर चढवलीत, सगळी सुखरूप आहेत, पाणी उतरलं आणि चिखल उपसला की येतो.

तोवर थ्री पडवीतच राहिला.

सदू हा नासिरच्या होडीवरचा खलाशी. पत्ते खेळून खेळून कंटाळलेला. एका सरीला आडोसा म्हणून तो पडवीत शिरला. झारानं त्याला मोटरबोटींचा गेम लावून दिला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

पडद्यावर समुद्र उघडला. लाट यायची, तिच्या माथ्यावर फेस उमलायचा, फुटायचा, आणि पाण्यावर पांढऱ्या रेघा ओढत विरून जायचा. बोट वळली की मागं पाण्याचा पिसारा. वरून ढग जायचा तसं खालचं पाणी काळवंडायचं, आणि ढग सरला की तेच पाणी पोपटाच्या पंखासारखं हिरवं.

सदू बसलाच नाही. उभ्या उभ्या बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, हा मतलई वारा हाय, जमिनीकडून सुटलेला. मग त्यानं कळा दाबल्या, पहिल्याच वळणावर बोट उलटवली, आणि दुसऱ्या दिवशी येताना सोबतीला तिघांना घेऊन आला.

खलाशांना शर्यतीचं काही पडलं नव्हतं. पहिला कोण आला हे कुणी बघायचंसुद्धा नाही. त्यांचा वाद पाण्यावरून चालायचा. ही लाट उथळाची आहे, खाली वाळू असणार. त्या बेटामागं ओढ असेल, तिकडून नको घेऊ. ह्या ढगाचा भरवसा नाही. एकानं तर बोट खाडीच्या तोंडाशी नेऊन थांबवली आणि दहा रुपयांत अर्धा तास नुसता तरंगत राहिला. जमिनीवर बसून अंग आंबलं होतं, म्हणाला, आता मोकळं वाटलं.

खलाशांमागून पोरं आली. आधी चेष्टा करायला. भिंतीवर फोर आणि आत थ्री, म्हणजे पाटी पापलेटाची आणि टोपलीत मांदेली, असं म्हणून त्यांनी फहादला पिडलं. पिडता पिडता एकेकानं नंबर लावला, आणि दापोलीची एसटी पोरांवाचून जाऊ लागली.

हमिदाला हे सगळं दिसत होतं. पण तिचा राग आपल्या जागी होता. थ्रीला एवढी माणसं, तर फोर आल्यावर किती येतील, असा तिचा हिशेब. झारा रोज ठरवायची की आज सांगून टाकावं, आणि रोज काहीतरी काम निघायचं. चिपळूणचं पाणी आणखी थोडे दिवस राहावं असं तिच्या मनात यायचं. मग तिथल्या लोकांची घरं आठवायची, आणि ती मनातल्या मनात आपलेच कान धरायची.

विनीत आला तो भर दुपारी, रिक्षात नवं मशीन मांडीवर घेऊन. पँटीवर चिखलाचे डाग, हाताची नखं अजून मातीनं लाल. हमिदानं त्याला कोकमाचं सरबत दिलं, पण त्याच्याशी बोलली नाही. पडवीत सदू आणि सोबती बाकावर बसले होते, नासिर उंबऱ्यावर. विनीतनं पिशवीतून पेचकस काढला. जुनं सोडवतो आणि नवं लावून देतो, म्हणाला.

"थांबा," झारा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. पडवीत सुनेचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता.

"दोन्ही शेजारी ठेवा, विनीतदादा. एकच गेम दोन्हीवर दाखवा. अम्मी बघतील. मग त्या म्हणतील ते."

पडदा एकच होता, पण त्याची वायर इकडची तिकडं केली की काम भागत होतं, आणि विनीतनं नव्यातही तोच गेम घालून आणला होता. आधी नवं लावलं. ते झटकन सुरू झालं, जुन्यापेक्षा किती तरी लवकर. हमिदानं फहादकडं बघून मान डोलावली. मग समुद्र आला. निळा, सपाट, मुका. त्याच्यावरून बोट ठेचकाळत गेली.

सदू पुढं वाकला. "ह्याला काय झालं? मेला काय समुद्र?"

बाकावर हशा पिकला. विनीतनं वायर जुन्याला लावली.

लाट आली. फेस आला. पडवीतल्या अंधुक उजेडात पाण्याचा हिरवा रंग माणसांच्या चेहऱ्यांवर हलू लागला. हमिदा पडद्याच्या अगदी जवळ गेली. मेंदू आणि कार्ड तिला कळत नव्हतं, पाणी कळत होतं. नवरा जहाजावर असायचा त्या दिवसांत ती संध्याकाळी बंदरावर उभी राहून पाण्याचा रंग वाचायची, आणि उद्या काय होणार ते त्याच्यावरून सांगायची. तेव्हा भात कांडताना बायका एक ओवी म्हणायच्या. ती आता तिच्या ओठांवर आली, शेजारच्यालाही नीट ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात.

समिंदराच्या पाण्या रे, तुझी लाट मला ठावी,
माझा माणूस आणावी, दिवेलागणी.

"हे जुनं?" तिनं विचारलं.

हे जुनं, विनीत म्हणाला. नव्याला असं कार्ड लावलं तर तेही असंच दाखवेल, आणखी चांगलं दाखवेल, पण तेवढ्या पैशात ते बसत नाही.

हमिदा झाराकडं वळली. तिला काहीतरी आधीपासून खुपत असणार.

"दुकानात तू माझ्या शेजारी होतीस ना गो? ह्यानं उलटं घेतलं, तुला कळलं नाय?"

पत्र्यावर सर वाजू लागली. झारानं सासूकडं बघितलं.

"कळलं होतं, अम्मी."

"मग बोललीस का नाय गो?"

"घरात बोलले होते, कुणी ऐकलं नाही. नवं आणलं असतं तर पडवी चालली नसती. पडवी चालली नाही तर फहाद जाईल." झाराचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "वाट बघत बसायला मला यायचं नाही, अम्मी. तुम्ही बसलात. मला नाही जमणार."

फहादनं मान खाली घातली. सदू छपराचे वासे न्याहाळू लागला. उंबऱ्यावर नासिर होता, त्यानं बायकोकडं बघितलं आणि लगेच नजर पावसाकडं वळवली.

हमिदा सुनेकडं बघत राहिली. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरची लिलावातली बाई मागं सरली आणि तिच्या जागी कुणी दुसरीच आली, हातावरची मेंदी अजून न उतरलेली, नवऱ्याची ट्रंक भरून देणारी. ती तरुण हमिदा थोडाच वेळ थांबली. मग हमिदानं पदर खोचला.

"तुझा नवा घेऊन जा, बाबा," ती विनीतला म्हणाली. "आणि जेवल्याबिगर जायचं नाय. चोर म्हटलं मी तुला, ते वाढताना फेडते." आणि झाराला म्हणाली, "पुढच्या वेळेला तोंड उघड. मी काय मारकी म्हैस हाय?"

विनीत जेवला. सुक्या बांगड्याचं कालवण त्याला इतकं तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि आपण चोर म्हटल्याचं ते पाणी आहे असं समजून हमिदानं त्याला आणखी वाढलं.

हे मिटलं, तरी नासिरची अट उभीच होती. नारळी पौर्णिमा आली. दर्याला नारळ गेला, होड्यांवरची झापं उतरली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बंदर रिकामं झालं. नासिर गेला, सदू गेला, त्याचे सोबती गेले. पोरं शाळेत आणि कॉलेजात. मामूंनी आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता, की उद्या हो-नाही सांगा, मला पुढं माणसं आहेत. आणि नेमका त्या दुपारी पडवीतला बाक पहिल्यांदाच मोकळा होता.

झारा मशीन पुसत बसली. पुसलेलं पुन्हा पुसत. फहाद दारात टेकून उभा. खलाशांच्या जिवावर पडवी चालली आणि खलाशी गेले, हे दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात सदूची बायको जनी आली. होड्या संध्याकाळी परततात, तोवर मासळी उचलायला बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बंदरावर बसून असतात. जनीनं आपली टोपली पायरीवर ठेवली. पावसाळाभर घरी येऊन सदू त्या पाण्याचं सांगतोय, म्हणाली, माझ्याशी एवढं कधी बोलला नाय. बघू तरी दे मला, कोण ती बया.

या किनाऱ्यावर बायका होडीत बसत नाहीत. होडीला हळद लावतात, होडीवरची मासळी डोक्यावरून वाहतात, होडीची वाट बघतात. सुकाणू त्यांच्या हातात कुणी दिलेलं नसतं. झारानं दाखवलं, ही कळ डावीकडं, ही उजवीकडं, ही पुढं. जनीनं पुढं दाबलं ते सोडलंच नाही. बोट लाटेवर चढली, हवेत गेली, पलीकडं जाऊन आपटली, आणि जनीनं अशी आरोळी ठोकली की बंदरावर बसलेल्या दोघी काय झालं म्हणून धावत आल्या. त्या परतल्या नाहीत, म्हणून त्यांना शोधायला आणखी चौघी आल्या.

संध्याकाळी नासिरची होडी बंदराला लागली तेव्हा मासळी उचलायला किनाऱ्यावर एकही बाई नव्हती. कुत्री तेवढी बसली होती. शेजारच्या होड्याही येऊन थांबलेल्या, तांडेल एकमेकांना विचारतायत, गावात कुणाचं काही झालं का. नासिर तसाच ओल्या अंगानं चढण चढून वर आला, आणि घराच्या पायरीपाशी थबकला. पायरीवर टोपल्यांची उतरंड. आत बाकावर, जमिनीवर, खिडकीत बायका. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात फणी, केस अर्धे विंचरलेले. आणि मधोमध, मशीनसमोर हमिदा. तिची बोट बेटावर चढून एका झाडाला टेकली होती. बोट मागं घ्यायला ती तयार नव्हती, झाडानंच बाजूला व्हावं असा तिचा हट्ट. जनी मागून म्हणत होती, चाची उठा, तुमचा वेळ कधीच संपला. हमिदा म्हणत होती, मालकिणीला कसला गो वेळ.

नासिर बघत उभा राहिला. त्याच्या लुंगीतून खारं पाणी ठिबकत होतं. मग त्यानं फहादला बाहेर बोलावलं.

"मामूला फोन लाव," तो म्हणाला. "सांग, आमचा माणूस मोकळा नाय. आणि ह्या बायांना सांग, तिकडं म्हावरं कुत्री खातायत."

बायका हसत, धावत, टोपल्या हिसकत उताराला लागल्या. जाता जाता प्रत्येकीनं उद्याची वेळ झाराला बजावून ठेवली. आतल्या खोलीतून फहादचा आवाज येत होता, हलो, हलो मामू, ऐकू येतंय का. झारानं भिंतीला हात टेकला. तिला वाटलं होतं अशा वेळी आपल्याला रडू येईल, पण पडद्यावर ती बोट झाडाला धडका मारत होती आणि ते काही तिला बघवेना.

"सरका अम्मी," ती म्हणाली. "ही बोट कशी सोडवायची ते दाखवते."

हमिदा सरकली, पण अर्धीच. खुर्चीच्या उरलेल्या अर्ध्यावर झारा बसली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात कळांवर ठेवले. बोट मागं आली, वळली, आणि बेटाला वळसा घालून लाटेवर चढली. तिनं ती आख्खी शर्यत पहिल्या नंबरानं संपवली. हमिदा आधी पडद्याकडं आणि मग सुनेच्या बोटांकडं बघत राहिली.